पापाभरणीची बातमी

बेडोकच्या लायब्ररीत इतक्या मोठ्याने हसणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. २०१२ साल असावं. आंग मो किओच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतली माझी नोकरी नुकतीच सुटली होती आणि घरी एकटीने बसून अर्ज पाठवायचा कंटाळा यायचा, म्हणून मी सकाळीच लायब्ररीतल्या संगणकांपाशी जाऊन बसायचे. शेजारच्या खुर्चीवर पांढरा हाफ शर्ट, कपाळावर बारीक भस्म, असे एक गृहस्थ. समोरच्या पडद्यावर पिवळ्या पडलेल्या जुन्या वर्तमानपत्राचं पान, आणि हे तोंडावर रुमाल धरून गदागदा हलतायत.

लायब्ररीतल्या बाई आल्या. "अंकल, सॉफ्टली लाह."

"सॉरी, सॉरी," ते म्हणाले आणि पुन्हा फुटले. मग माझ्याकडे वळून, मी मराठी आहे की नाही याची चौकशी न करता म्हणाले, "अहो, मडमा बुडाल्या!"

अशी माझी आणि पद्माकर विभूते यांची ओळख झाली.

बातमी होती एकशे तीस वर्षांपूर्वीच्या सिंगापूरची. राणी व्हिक्टोरियाचा काळ. कुठल्याशा चर्चच्या मदतीसाठी गोऱ्या बायकांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. 'सँग' म्हणजे गायल्या, असं छापायचं तिथे शेवटचं एक अक्षर चुकून 'सँक' झालं होतं. बायका दोन तास अतिशय गोड बुडाल्या आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर दुसऱ्या दिवशी संपादकांनी खुलासा छापला होता, की कालच्या अंकात 'सँक' पडलं आहे, त्याऐवजी वाचावं, 'स्टँक'. म्हणजे बायका आता दोन तास घाण मारत होत्या.

"पहिली चूक," काका डोळे पुसत म्हणाले. "दुसरी चूक नाही. दुसरी खोडी आहे. संपादकानं शिव्या घातल्या असणार, त्याचा राग काढला बघा त्यानं."

"त्यानं म्हणजे कुणी?"

"कंपोझिटरनं हो. दुसऱ्या कुणाच्या हातात असतं ते?"

काका स्वतः सोलापूरच्या एका दैनिकात कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, 'केस'मधून, म्हणजे लाकडी खणांच्या पेटीतून, उचलून हातातल्या पट्टीत उलटं जुळवायचं, ओळी बांधायच्या, ओळींचं पान बांधायचं. संगणक आले तेव्हा खिळे मोडीत गेले आणि काका मुद्रितं तपासायला बसले. निवृत्त झाले ते तिथूनच. काकू गेल्यावर मुलीने, ऋताने, त्यांना इकडे आणलं. ऋता वन-नॉर्थला एका संशोधन संस्थेत होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. काकांना इथे राहायला लाँग टर्म पास होता, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर होतं, पण बोलायला कुणी नव्हतं. आमचा ब्लॉक त्यांच्या समोरचाच निघाला.

जुनी वर्तमानपत्रं संगणकावर बघायला मिळतात हे ऋतानेच त्यांना दाखवलं होतं. इंग्रजी त्यांना अक्षरओळखीपुरतं चांगलं, अर्थाच्या बाजूने कच्चं. इंग्रजी लग्नपत्रिका, कॉलेजची नियतकालिकं त्यांनी जुळवली होती, पण अर्थ समजून घ्यायची गरज कधी पडली नव्हती. त्यामुळे कुठे 'एन' उलटा पडून 'यू' झालाय हे त्यांना पान उघडल्या उघडल्या दिसायचं, आणि त्यामुळे वाक्याचं काय झालं हे मी सांगायचं, अशी आमची वाटणी ठरली. माझे अर्ज मागे पडत चालले. पण खरं सांगते, त्या दिवसांत कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानेसुद्धा मला सकाळी उठावंसं वाटायचं.

कितीतरी गमती सापडल्या. एका सार्जंटच्या लग्नात नवरीच्या हातात 'बुके' ऐवजी 'बकेट' आली होती. एका व्यापाऱ्याच्या मृत्यूची बातमी, तिसऱ्या दिवशी त्याचंच रागावलेलं पत्र, आणि खाली संपादकांची टीप, की ही बातमी आम्हीच सर्वांत आधी दिली होती. काका प्रत्येक ठिकाणी निकाल द्यायचे. "ही घाई." "ही झोप." "इथं खिळा झिजलाय, त्याचा दोष नाही."

आणि मग वाघ सापडला.

वर एक बातमी होती, एक मॅजिस्ट्रेटसाहेब विलायतेला परत निघाले म्हणून झालेल्या निरोपसमारंभाची. खाली दुसरी, चांगीकडच्या एका मळ्यात वाघ मारल्याची. दोन्हींच्या मधल्या ओळी एकमेकींत गेल्या होत्या. मी वाचत वाचत मराठीत सांगू लागले. साहेबांच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव झाल्यावर त्यांना बांबूला उलटं बांधून पोलीस ठाण्यात आणण्यात आलं. नाकापासून शेपटापर्यंत त्यांची लांबी सात फूट भरली. परिसरातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि खाली वाघाने उत्तरादाखल छोटंसं पण हृद्य भाषण केलं, तेव्हा उपस्थित स्त्रियांचे डोळे पाणावले.

या वेळी हसले मी. लायब्ररीतल्या बाई पुन्हा आल्या. काका मात्र हसले नव्हते. पडद्याला नाक लावून ते ओळींची टोकं बघत होते.

"हे सांडलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "बांधलेल्या ओळी हातातून सुटल्या आणि गडबडीत उचलून ठेवल्या, तर वाक्य अर्ध्यात तुटतं. इथं बघा, वाक्य संपलं तिथंच ओळ संपलीय. मुद्दाम मोजूनमापून बसवलंय. काय डोकं आहे!"

पुढचे अंक आम्ही पिंजून काढले. दोन दिवसांनी लांबलचक माफी होती, चूक एकही नाही. आठवड्याभराने मागच्या पानावर जाहिरात होती: कंपोझिटर पाहिजे, कामात चोख आणि निर्व्यसनी असावा.

"गेली बिचाऱ्याची नोकरी," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही वाचलं नाही.

त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. तो मलाक्क्याचा होता, मद्रासचा होता की चिनी, कळायला मार्ग नव्हता. संपादकांची नावं छापली जायची, कंपोझिटरची कोण छापणार? पण वर्तमानपत्राच्या कचेरीचा पत्ता अंकावर होता. "बघून येऊ या का?" असं काकांनी विचारलं आणि एका शनिवारी आम्ही दोघं बेडोकहून एमआरटीच्या ट्रेनने रॅफल्स प्लेसला गेलो.

तिथे काय असणार? काचेच्या बँका, लिफ्टच्या रांगा, दाराशी गार हवेचा झोत. व्हिक्टोरियाच्या काळातलं कुठलंच दार शिल्लक नव्हतं. काका एका उंच इमारतीसमोर उभे राहिले, वर बघितलं, मग खाली फरशीकडे बघितलं.

"आमच्या छापखान्याची पण अशीच गत झालीय," ते म्हणाले. "तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी एकदा आत जाऊन आलो. जिथं माझी केस होती तिथं मुलगी उभी राहून कव्हरं विकत होती. शाईचा वास येतोय का म्हणून मी जरा थांबलो, तर तिला वाटलं मला फोन घ्यायचाय."

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही चहा घेतला. दूध घातलेला इथला गोडमिट्ट चहा काकांना आवडायचा. पंखा फिरत होता, आजूबाजूला बँकेतली माणसं नूडल्स खात होती, आणि तिथे काकांनी मला प्रबोध हंचाटेची गोष्ट सांगितली.

प्रबोध त्यांचा जोडीदार. शेजारशेजारच्या केसवर दोघं उभे राहायचे. एकाच वर्षी लागलेले, एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारे. प्रबोधचा हात असा चालायचा, की लोक बघायला थांबायचे. तोंडही तसंच चालायचं. त्र्याहत्तर साली, नव्या शाळेच्या इमारतीचा कार्यक्रम झाला. एक नामदार मुंबईहून आले. इमारतीच्या पैशांत कुणी कुणी हात मारला याची कुजबूज गावभर होती, पण छापायची कुणाची छाती नव्हती. काका त्या दिवशी बहिणीच्या लग्नासाठी अक्कलकोटला गेले होते. दुसऱ्या दिवशी अंक निघाला. बातमी सगळी नीट, एक शब्द सोडून. नामदारांच्या शुभहस्ते शाळेची 'पायाभरणी' झाली असं असायला हवं होतं. छापून आलं, 'पापाभरणी' झाली.

"एका अक्षराचा फरक हो," काका म्हणाले. "य च्या जागी प. दुपारपर्यंत अंक संपला. चहाच्या गाड्यांवर मोठ्यानं वाचत होते लोक. नामदारांची माणसं मालकांकडं आली. मालकांनी प्रबोधला उभा केला आणि विचारलं, चूक आहे का मुद्दाम केलंस? चूक म्हणाला असता तर दोन दिवसांचा पगार कापून सुटला असता. पण हा गडी छाती काढून म्हणाला, मुद्दाम केलंय!"

"मग?"

"मग काय. त्याच दिवशी काढला. मी अक्कलकोटहून येईपर्यंत त्यानं खोली सोडली होती. गुलबर्ग्याला गेला म्हणून कळलं. पुन्हा गाठ नाही. पण सोलापूरच्या छापखान्यांत चाळीस वर्षं त्याचं नाव निघतंय. एवढ्या मोठ्या माणसाला एका खिळ्यानं टोचणारा एकच निघाला. आम्ही बाकीचे नुसते जुळवत राहिलो."

बोलता बोलता त्यांच्या चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला करत ते म्हणाले, "वाघवाल्याला बघितलं तेव्हा मला प्रबोध्याच आठवला. त्याच जातकुळीचा."

माझ्या धाकट्या जावेचं माहेर गुलबर्ग्याचं. घरी आल्यावर मी तिला सहज फोन केला. हंचाटे नावाचा छापखानेवाला कुणी माहितीय का? ती म्हणाली, "लग्नपत्रिकावाले हंचाटे? माझ्या पत्रिका त्यांच्याकडच्याच." संध्याकाळपर्यंत नंबर आला. इतकं सोपं होतं ते. चाळीस वर्षं दोन गावांत दोन-अडीच तासांचं अंतर, आणि नंबर मात्र काका सिंगापूरला आल्यावर सापडला.

रविवारी काकांच्या घरी ऋता, मी आणि ते टेबलाभोवती बसलो. ऋताने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई बोलली. ती प्रबोधची मुलगी, जान्हवी. तिने हाक मारली. पावलं वाजली, खुर्ची सरकली.

"कोण?"

काका फोनवर वाकले. ऋताने त्यांचा दंड दाबला. "मी... मी पद्माकर. विभूते. सोलापूर."

मग असा आवाज आला, की स्पीकर खरखरला. "काय बे पद्म्या! जिवंत हाईस का?"

मग दोघं एकाच वेळी बोलायला लागले. कोण गेलं, कोण राहिलं, कुणाची पोरं कुठे, चौकातला तो भजीवाला. काका उठून उभे राहिले होते आणि फोनसमोर हातवारे करत होते, जणू समोर दिसतोय तो. मग ते म्हणाले, "प्रबोध्या, तुझी पापाभरणी मी सिंगापूरला पोचवली बघ. इथं या ताईंना सांगितली. चाळीस वर्षं सांगतोय. काय धाडस केलंस तू!"

पलीकडचं हसणं थांबलं.

"पद्म्या," प्रबोध म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही. ती खोडी नव्हती बे. चूक होती."

"काय?"

"मला दिसतच नव्हतं. प कुठला, य कुठला. बारीक टाइप सगळा धूर झाल्यासारखा. डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय म्हणून डॉक्टरनं दोन महिने आधीच सांगितलं होतं. वडिलांचं तसंच झालं. छापून झाल्यावर खिळे परत खणात टाकताना मीच एखादा प य च्या घरात टाकला असणार. आणि तू त्या दिवशी नव्हतास. रोज तू माझ्या चुका काढायचास, तेवढ्यावर चाललं होतं."

काका खाली बसले.

"मग मुद्दाम केलं कशाला म्हणालास?"

"चूक म्हणालो असतो तर मालक चष्मा घाल म्हणाले असते. चष्म्यानं काही होणार नव्हतं. महिन्यात सगळ्यांना कळलं असतं, की याचे डोळे गेले. मग कुठल्या छापखान्यानं दारात उभं केलं असतं? माजलाय म्हटलं तर निदान काम तरी मिळतं. आणि मिळालं बघ! इथल्या मालकांनी पापाभरणीची गोष्ट ऐकली, पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. पुढं लग्न झालं, स्वतःचा छोटा छापखाना टाकला. बायकोला खिळे शिकवले. ती जुळवायची, मी पुढं बसून गिऱ्हाइकांशी बोलायचो, मजकूर सांगायचो. कुणाला कळलं नाही खूप वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तुझं सोडून माझं काम करत बसला असतास. तुझं लग्न ठरत होतं बे."

ऋता हळूच उठून स्वयंपाकघरात गेली. मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढे ते दोघं काय बोलले ते मी नीट ऐकलं नाही. ऐकू नये असं वाटलं.

त्यानंतर आठवडाभर काका लायब्ररीत आले नाहीत. मी समोरच्या ब्लॉकमध्ये गेले तेव्हा ते गॅलरीत उभे होते. खाली मुलं सायकली फिरवत होती.

"मी त्याच्यावर ओरडायचो," ते म्हणाले. "रोज त्याचं प्रूफ आलं की ओरडायचो. कुठं लक्ष असतं बे तुझं, पोरींकडं बघतोस का म्हणून. तो हसायचा. सगळे हसायचे. शेजारी उभा होतो मी, हातभर अंतरावर. एवढंसं अक्षर उलटं ओळखायचो आणि त्याचे डोळे मला दिसले नाहीत."

मी नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग तो वाघवालाही कदाचित खोडकर नसेल?"

काका खालच्या सायकलींकडे बघत म्हणाले, "असेल, नसेल. नोकरी गेली हे खरं. मला वाटतं, खोडकर म्हणून गेली असली तर घरी जाताना हसत गेला असेल. आपण तेच धरून चालू."

पुढच्या वर्षी त्यांनी ऋताला तिकीट काढायला लावलं आणि ते गुलबर्ग्याला जाऊन महिनाभर राहिले. परत आले ते वाळलेले, काळवंडलेले आणि खूश. पिशवीतून शेंगाचटणी निघाली, कडक भाकरीची चवड निघाली. प्रबोधला आता उजेड-अंधार एवढंच कळतं, असं म्हणाले. पण दुकानात जाऊन बसतो, आणि मुलीने संगणकावर पत्रिका जुळवली की ती मोठ्याने वाचायला लावतो. ऐकून चुका काढतो. "कानानं प्रूफ बघतो पठ्ठ्या. मी मुद्दाम एक अक्षर बदलून वाचलं, तर लगेच म्हणाला, पद्म्या, गप नीट वाच."

मला तोवर नोकरी लागली होती. लायब्ररीतल्या आमच्या सकाळी संपल्या. पण घरून काम असायचं त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला खालून काकांचा आवाज ऐकू यायचा. ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी बसून, ते फोनवर प्रबोधला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. सोलापूरचं वर्तमानपत्र ऋता त्यांना टॅबवर काढून द्यायची. अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं. मध्येच थांबून इथल्या गोष्टी सांगायचे. बेडोकला नवा मॉल झालाय, पपनस केवढ्याला मिळतं, लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी बाईने आज स्वतःहून 'नमस्ते' म्हटलं. पलीकडून काही विचारलं गेलं की मोठ्याने हसायचे. येणारेजाणारे बघायचे, मग त्यांनाही सवय झाली.

२०१७ मध्ये ऋताला पुण्यात काम मिळालं आणि ती दोघं परत गेली. जायच्या दिवशी टॅक्सी आली तेव्हा काका खिसे चाचपत होते. पासपोर्ट सापडत नसेल असं मला वाटलं. पण ते फोन शोधत होते. चार वाजायला आले होते.

"विमानतळावरून लावेन," ते ऋताला म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

आता तिथे, त्या दगडी टेबलाशी, दुपारी एक चिनी आजी भाजी निवडत बसते. तिच्याकडे छोटा रेडिओ असतो. मला त्यातलं काही कळत नाही, तरी कधी कधी मी जाता जाता जरा थांबते.